धावदोरा

पान पिवळं पडलं आहे. मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या चळतीतून तुम्ही ते पुस्तक उपसलंत, अंगठ्याने पानं सोडत गेलात आणि एका शब्दापाशी थांबलात. 'टुडे'. रोज डोळ्यांखालून जाणारा शब्द. इथे मात्र तो 'टु-डे' असा छापला आहे, मध्ये एक आखूड आडवी रेघ. दोन ओळी खाली 'टु-मॉरो'. पानाच्या तळाशी कुणीतरी कुणाचा तरी निरोप घेतंय, 'गुड-बाय'. तिथेही तीच रेघ.

शाळेच्या व्याकरणात तिला संयोगचिन्ह म्हणतात, बोलताना आपण हायफन म्हणतो. पण शिवणकाम येणाऱ्या माणसाला विचारा. दोन कापडं मशीनखाली सारण्याआधी ती हलू नयेत म्हणून हाताने लांब लांब टाके घालतात. तो धावदोरा. पक्की शिलाई बसली की तो ओढून काढायचा. शब्दांचंही तसंच होतं. दोन शब्द शेजारी येतात, वापरून वापरून जवळ सरकतात, मध्ये रेघ पडते, आणि एक दिवस ती निघून जाते. शब्द सलग दिसू लागतो. त्याच्या पोटात दोन तुकडे आहेत आणि त्या तुकड्यांत कुणाचा तरी धंदा, कुणाचं घर, कुणाची प्रार्थना आहे, हे विसरून जायला होतं.

तुम्ही बोटाने ती रेघ दाबता. दोऱ्याचं टोक हाताला लागतं. ओढा.

२००७, ऑक्सफर्ड

कमानीखालून तुम्ही ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या आवारात येता. 'शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ची सहावी आवृत्ती नुकतीच बाहेर पडली आहे. नावात 'शॉर्टर' असलं तरी दोन खंड आहेत, एक एक उचलताना मनगट भरून येईल असे. संपादक अँगस स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांमधले हायफन काढून टाकले आहेत. लोकांनी ते लिहिणंच सोडलं होतं. कुठे द्यावा, कुठे नाही, याची कुणालाच खात्री उरली नव्हती. कोशाने जे घडलं होतं त्याची नोंद केली.

तुम्ही पानं उलटता. काही शब्दांचे तुकडे सुटे झालेत: आइस क्रीम, टेस्ट ट्यूब, पिन मनी. काही एकजीव झालेत: बंबलबी, क्रायबेबी, चिकपी. 'चिकपी' म्हणजे आपला काबुली चणा. शब्द सलग झाल्यावर त्यात कोंबडीचं पिल्लू आहे असंच वाटतं. पण तो आधी 'चिच-पीझ' होता, आणि त्यातला 'चिच' चण्याच्या लॅटिन नावावरून, 'सिसर'वरून, फ्रेंचमार्गे आला होता. टाका दिसत होता तोवर विचारायची सोय होती, की बाबा, हा पहिला तुकडा कुठला? आता विचारायचं सुचतही नाही.

त्याच यादीत 'पिजनहोल' आहे. पिजन म्हणजे कबुतर, होल म्हणजे भोक. ढाबळीत कबुतरांसाठी जे खण असतात ते. त्यावरून टेबलातल्या, कपाटातल्या कागद ठेवायच्या लहान खणांना हेच नाव पडलं. दाराशी बसलेला मुलगा तुम्हाला 'बाय' म्हणतो. एवढंच. ते कानात ठेवा, पुढे लागेल. आता 'पिजन' आणि 'होल' यांच्या मधला टाका सोडा आणि त्या खणातून आत शिरा.

१९१२, ऑक्सफर्ड, बॅनबरी रोड

थंडी अंगात शिरते. तुम्ही ७८ क्रमांकाच्या घराच्या बागेत, पत्र्याच्या एका शेडमध्ये आहात. शेजाऱ्याच्या नजरेआड राहावी म्हणून ही शेड जमिनीत खोल बसवली आहे, त्यामुळे आत कायम ओल. भिंतीभर खणच खण. १८७९ मध्ये लंडनजवळ मिल हिलला अशी पहिली शेड उभी राहिली तेव्हाच १,०२९ खण करून घेतले होते. प्रत्येक खणात चिठ्ठ्यांचे गठ्ठे. सहा इंच लांब, चार इंच रुंद कागद. वर शब्द, खाली तो जिथे सापडला ते वाक्य, पुस्तक, वर्ष. जगभरातल्या वाचकांनी फुकट, हौसेने लिहून पाठवलेल्या अशा लाखो चिठ्ठ्या.

मध्ये मूळच्या मोठ्या 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'चे संपादक जेम्स मरे बसले आहेत. पांढरी लांब दाढी, डोक्यावर काळी टोपी, वय पंचाहत्तर. दहा वर्षांत कोश पुरा होईल असं ठरलं होतं. पाच वर्षांनी पहिला भाग छापला तेव्हा ते 'अँट'पर्यंत पोचले होते. आता 'टी' या अक्षराचं काम चालू आहे. मरे १९१५ मध्ये जातील, कोश १९२८ मध्ये पुरा होईल, त्यात ४,१४,८२५ शब्द असतील. शेवटचं पान त्यांना दिसणार नाही.

'टु-डे'चा गठ्ठा तुमच्या समोर आहे. चिठ्ठ्या काळाच्या क्रमाने लावल्या आहेत. सगळ्यात अलीकडच्या चिठ्ठ्यांवर मध्ये रेघ. मागे जाल तसे दोन सुटे शब्द, 'टु डे'. आणखी मागे जाल तसं स्पेलिंगच अनोळखी. एका शब्दाचं सगळं आयुष्य तळहातावर मावतं. ही रेघ अजून बरीच वर्षं टिकणार आहे. १९२६ मध्ये हेन्री फाउलर इंग्रजीच्या वापरावर ग्रंथ लिहील तेव्हा त्यालाही नवल वाटेल, की 'टु-डे'तला हायफन अजून कसा लोंबकळतोय.

मग तुमचा हात 'बी'च्या खणाकडे जातो. 'बाँडमेड'. बाँड म्हणजे गुलामीतली, मेड म्हणजे मुलगी. जिला मजुरी नाही, सुटका नाही, अशी दासी. खण रिकामा आहे. तिच्या चिठ्ठ्या कामाच्या रगाड्यात हरवल्या, आणि 'बी'चा खंड छापून झाल्यावर बऱ्याच उशिरा ते लक्षात आलं. साऱ्या इंग्रजीची मोजदाद करायला निघालेल्या ग्रंथातून नेमकी दासीच गहाळ झाली होती. मरे यांना ही चूक फार लागली. तिला जागा मिळाली ती १९३३ च्या पुरवणीत, म्हणजे ते गेल्यानंतर अठरा वर्षांनी.

तिच्या रिकाम्या जागेनंतर थोडं पुढे 'बॉनफायर'. मोकळ्या जागेत पेटवलेली मोठी आगटी. वरच्या चिठ्ठीवर 'बॉन-फायर', मध्ये रेघ. फायर कळलं, पण बॉन म्हणजे काय? एक मदतनीस दिवा मालवायला येतो, तुम्हाला 'गुड-बाय' म्हणतो. रेघेसकट म्हणतो की काय असं वाटावं, इतकं सावकाश. बाहेर फाटकाशी टपालपेटी आहे, मरे यांच्या पत्रव्यवहारासाठी टपाल खात्याने खास बसवलेली. तिला वळसा घाला आणि 'बॉन'मागचा टाका सोडा.

१७५५, लंडन, गॉफ स्क्वेअर

१५ एप्रिल. फ्लीट स्ट्रीटमागच्या बोळांतून एका उंच विटांच्या घराच्या माळ्यावर तुम्ही चढता. इथे सॅम्युएल जॉन्सनने नऊ वर्षं खपून इंग्रजीचा कोश रचला. सहा लेखनिक हाताशी होते, त्यांतले पाच स्कॉटिश. आज ते दोन अवजड खंड विक्रीला आले आहेत, बेचाळीस हजारांहून जास्त शब्दांचे. तुम्ही घाईने 'बॉनफायर' काढता. जॉन्सनने लिहिलंय, फ्रेंच 'बाँ' म्हणजे चांगला, त्यावरून चांगली आग, आनंदाची आग. वाचताना पटतं. तरीही काहीतरी खटकतं. इंग्लंडच्या खेड्यात आगटी पेटवणारा शेतकरी आगीला इंग्रजी नाव देईल आणि चांगलेपणाला फ्रेंच, असं कसं होईल?

उत्तर इथे मिळणार नाही. पण घाई करू नका, खाली रस्त्यावर उतरा. अंधार पडलाय आणि दिव्यांचा उजेड तोकडा आहे. एक पोरगा तुमच्यापुढे पेटता पलिता धरून चालू लागतो. राळ माखलेल्या दोराच्या त्या पलित्याला 'लिंक' म्हणतात आणि पोराला 'लिंक-बॉय'. चिल्लर नाण्यासाठी तो तुम्हाला दारापर्यंत पोचवेल. पुढच्या शतकात रस्त्यांवर गॅसचे दिवे आले आणि ही पोरं गेली, शब्दही गेला. पण लंडनच्या काही जुन्या घरांच्या दारांशी पलिते विझवायच्या लोखंडी टोप्या अजून लटकलेल्या आहेत.

समोरून दोन माणसं दांड्यांवर एक बंद खुर्ची तोलत येतात, आत कुणी बाईसाहेब. ही 'सिडॅन-चेअर', आणि ती वाहणारे हे दोघे 'चेअर-मेन'. सभेत खुर्चीवर बसणाऱ्यालाही तेव्हा चेअरमनच म्हणत होते. खुर्चीवर बसणारा आणि खुर्ची वाहणारा, दोघांना एकच शब्द! आज कंपनीच्या काचेच्या दारावर 'चेअरमन' अशी पाटी वाचताना त्यातला फक्त पहिला माणूस दिसतो. घामाने भिजलेला भोई शब्दातून उतरून कधी गेला ते कळलंही नाही.

एका दुकानाच्या उजेडात एक बाई शिवायला बसली आहे. तिच्या मांडीवर गुंडाळी करता येईल अशी कापडी पिशवी, आत सुया, दोरे, बटणं. या पिशवीला 'हाउस-वाइफ' म्हणतात आणि उच्चार करतात 'हझिफ'. मूळ अर्थ घर चालवणारी बाई. त्याच शब्दाचा झिजलेला दुसरा उच्चार 'हझी', आणि तो एव्हाना शिवी होऊ लागलाय: उठवळ, निर्लज्ज बाई. एकच शब्द तीन वाटांनी गेला. एका वाटेला गृहिणी, एका वाटेला सुईदोऱ्याची पिशवी, एका वाटेला शिवी.

ही शिवणारी बाई कोर्टात साक्ष द्यायला गेली तर कारकून तिच्या नावापुढे लिहील 'स्पिन्स्टर'. स्पिन म्हणजे सूत कातणं. 'स्टर' हा जुना प्रत्यय, आणि तो मुळात स्त्रियांच्या धंद्यांना लागायचा. बेक करणारी ती 'बॅक्स्टर', विणणारी ती 'वेबस्टर', आणि सूत कातून स्वतःचं पोट भरणारी ती स्पिन्स्टर. जॉन्सनच्या कोशात पहिला अर्थ कातणारी बाई हाच आहे. दुसरा कायद्याचा, अविवाहित मुलगी. पुढे दुसराच उरला, आणि त्यात 'लग्न जमलं नाही' असं हिणवणं आलं. तिच्या हातातली कमाई शब्दातून काढून घेतली आणि तिच्याकडे काय नाही तेवढं ठेवलं. २००७ च्या यादीतली 'पिन मनी' आठवते? टाचणीचे पैसे. या काळात श्रीमंत घरांच्या लग्नाच्या करारात नवऱ्याने बायकोला कपड्यालत्त्यासाठी दरसाल द्यायची रक्कम या नावाने लिहिली जाते. बाईचा स्वतःचा पैसा शब्दात उरला तो असा, टाचणीएवढा.

लिंक-बॉय पलिता विझवतो आणि निरोप घेतो. त्याच्या तोंडून 'गुड' आलं की 'गॉड', नक्की सांगता येत नाही, पुढचे शब्दही एकमेकांत मिसळलेले. केंब्रिजच्या गेब्रिएल हार्वीने १५७३ च्या एका पत्रात हाच शब्द 'गॉडब्वाय' असा लिहून ठेवला आहे. म्हणजे दोरा देवाकडे जातोय. धरून ठेवा आणि मागे चला.

१४८३, यॉर्क

२३ जून, संत जॉनच्या सणाची आदली संध्याकाळ. तीन दिवसांनी लंडनमध्ये तिसरा रिचर्ड गादीवर बसणार आहे, पण इथे खाटकांच्या गल्लीत ती गडबड पोचलेली नाही. दोन्ही बाजूंची लाकडी घरं वरच्या मजल्यांनी एकमेकांकडे इतकी झुकली आहेत की आभाळाची चिंधीच दिसते. दुकानांपुढे मांस मांडायची फळकुटं आहेत. अशा बाकाला 'शॅमेल' म्हणत. त्यावरून गल्लीचं नाव 'शँबल्स', आजही तेच आहे. बाकावरून खाटकांचा बाजार, त्यावरून कत्तलखाना, त्यावरून रक्तपात, आणि शेवटी आजच्या इंग्रजीत नुसता सावळागोंधळ. कुणी आपल्या पसाऱ्याला 'शँबल्स' म्हणालं तर त्याला या गल्लीचा वास येत नाही.

खाटकाने पुढे जाड कापड बांधलंय. ते 'नॅप्रन'. पण 'अ नॅप्रन' आणि 'अॅन अॅप्रन' कानाला सारखेच लागतात, म्हणून कात्री भलतीकडे पडली आणि 'न' मागच्या शब्दाला जाऊन चिकटला. उलटही झालं. 'ईक' म्हणजे आणखीचं. 'अॅन ईक-नेम', जास्तीचं नाव, टोपणनाव. तिथे 'न' पुढे सरकला आणि झालं 'अ निक-नेम'. शब्द बेतणारे हात गल्लीबोळांतल्या माणसांचे होते, त्यांनी कानाला पटेल तिथे कापलं.

शहराबाहेर हिरव्या माळावर ओली लोकरी कापडं लाकडी चौकटींवर ताणून वाळत घातली आहेत. चौकट म्हणजे 'टेंटर', कडेच्या वाकड्या खिळ्यांची रांग म्हणजे 'टेंटर-हुक'. कापड आटू नये म्हणून ते दोन्ही बाजूंनी खेचलेलं. आज इंग्रजीत माणूस 'टेंटरहुक्स'वर असतो तेव्हा आपण म्हणतो त्याचा जीव टांगणीला लागलाय. टांगणी आणि टेंटर, दोन्ही भाषांना काळजी दिसली ती ताणलेल्या, लोंबत्या वस्तूत.

माळापलीकडे एक माणूस दुसऱ्याच्या शेतात राबतोय. त्याचं नाव कागदात 'व्हिलीन' असं लिहितात, म्हणजे जमीनदाराच्या वाडीला बांधलेला कुणबी. गुन्हा काहीच नाही. पण वाड्यांतल्या लोकांना त्याची भाषा राकट वाटली, वागणं गबाळं वाटलं, आणि हळूहळू त्याचं नाव दुष्टपणाचं नाव झालं. आपल्या सिनेमातला 'व्हिलन' तो हाच. आपल्यालाही यात नाक वर करायला जागा नाही. 'गावंढळ' हा शब्द गावावरूनच केला ना आपण?

अंधार होतो. पोरं, म्हातारे, बाया शँबल्समधून टोपल्या भरभरून आणतात. टोपल्यांत हाडं आहेत. ती रचली जातात, पेटवली जातात, आणि जड, कडवट धूर वर चढतो. या वासाने वाईट ते सगळं पळून जातं असं लोक मानतात. ज्याच्यासाठी तुम्ही सव्वाचारशे वर्षं मागे आलात ते हे: 'बोन-फायर', हाडांची आग. याच वर्षाची तारीख असलेल्या 'कॅथॉलिकन अँग्लिकम' या इंग्रजी-लॅटिन शब्दसंग्रहात तिचा अर्थ तसाच दिला आहे. जॉन्सनसारखा माणूस चुकला, कारण त्याच्या काळापर्यंत बहुतेक ठिकाणी हाडं जळायची थांबली होती आणि 'बोन'चा 'बॉन' झाला होता. ती चूक सापडली कशी? कोणी तरी जुनी चिठ्ठी जपून ठेवली होती म्हणून.

शेकोटीवरून उठताना एक म्हातारा तुमच्याकडे वळतो आणि पूर्ण वाक्य म्हणतो: 'गॉड बी विथ यी'. देव तुमच्याबरोबर असो. एकही अक्षर गिळलेलं नाही. आणि उद्या सुट्टी म्हणून पोरं नाचताहेत, 'हॉली-डे', पवित्र दिवस. सुट्टीच्या पोटातलं ते पावित्र्य धरून शेवटची उडी मारा.

१००५, आइन्शम

तुम्ही पुन्हा ऑक्सफर्डच्या जवळ आहात, दोन-तीन कोसांवर, पण ते ऑक्सफर्ड आता ओळखूही येणार नाही. नव्या मठाचा प्रमुख एल्फ्रिक मुलांना लॅटिन शिकवतो. त्याने लॅटिनचं व्याकरण चक्क इंग्रजीत लिहिलंय आणि सोबत शब्दांची यादी जोडली आहे. मरे यांच्या चिठ्ठ्यांचे पूर्वज इथे चामड्याच्या पानांवर आहेत.

भाषा तुम्हाला कळत नाही. तरी कान देऊन ऐका. 'टो डॅय', आजच्या दिवशी. तुमचा 'टुडे'. दोन शब्द, मध्ये श्वास. गवतातल्या पांढऱ्या फुलाकडे बोट दाखवून पोरगं म्हणतं 'डॅयेस एआये', दिवसाचा डोळा, कारण ते उजाडलं की उघडतं आणि मावळतीला मिटतं. पुढे त्याचं 'डेझी' होईल.

मठाबाहेर धन्याच्या घरी भट्टी पेटली आहे. 'हलाफ' म्हणजे पाव. पाव राखणारा तो 'हलाफ-वेअर्ड', पीठ मळणारी ती 'हलॅफ-डिये'. शतकानुशतकं घासले जाऊन ते होतील 'लॉर्ड' आणि 'लेडी'. त्यांच्या मानमरातबाखाली, मखमलीखाली, पिठाचे हात आहेत. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही, आपणही ज्याची भाकरी खातो त्याला धनी म्हणतो. पण आपल्या शब्दात भाकरी दिसत नाही, त्यांच्या शब्दात होती, आणि ती त्यांनाच दिसेनाशी झाली.

लिहिणाऱ्या मुलाची ओळ संपत आली, शब्द मावला नाही. तो कडेला एक बारीक रेघ मारतो आणि उरलेली अक्षरं खालच्या ओळीत घेतो. ती रेघ! तिचं नाव याहून कितीतरी जुनं, ग्रीक. 'हिफ' आणि 'हेन', 'एकाखाली', म्हणजे एकत्र. ग्रीक व्याकरणकार दोन शब्द एक आहेत हे सांगायला अक्षरांखाली एक वाकडी रेघ काढत, ओंजळीसारखी. हायफन हा शब्दही दोन तुकडे जोडून झाला आहे, आणि त्यातला सांधा कुणाला दिसत नाही.

निघताना मुलगा म्हणतो, 'वेस हाल'. धडधाकट राहा, अखंड राहा. अखंड या अर्थाचा 'होल', 'हेल्थ', 'होली' हे सगळे याच घरातले. अखंड असणं आणि पवित्र असणं त्यांना वेगळं वाटत नव्हतं. दोरा इथे संपतो. आता परत.

१८८६, मुंबई, डोंगरी

वर्षं भराभरा मागे पडतात. वाटेत पुण्यात मेजर थॉमस कँडी दिसतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशासाठी राबलेला हा माणूस १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून मराठीला टिंबं, स्वल्पविराम आणि रेघा देतो. त्याआधी मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि लेखणी न उचलता खाली अक्षरं लटकवत जायची, शब्दाशब्दांत जागाही सोडायची नाही. म्हणजे 'टु-डे'मधली ती रेघ आपल्या घरात आली ती त्याच वाटेने, इंग्रजी छापखान्यातून.

आणि आता डोंगरी. दुकानात जाड्याभरड्या सुती कापडाचे तागे. या वस्तीच्या नावाने ते कापड सतराव्या शतकापासून कंपनीच्या कागदांत आहे, खलाश्यांनी, कामगारांनी त्याचे कपडे शिवले, आणि इंग्रजीला 'डंगरी' हा शब्द मिळाला. 'मुंगूस'ही मराठीतूनच गेलं आणि तिकडे 'मॉनगूस' झालं.

मोहरमचे दिवस आहेत. ताबुतांमागे गर्दी चालली आहे. छातीवर हात पडतात, त्या तालात हाक उठते, 'या हसन! या हुसेन!' पैगंबरांचे दोन नातू, त्यांच्यासाठीचा हा शोक. कडेला उभ्या गोऱ्या शिपायांच्या कानांना ती नावं ओळखीची नाहीत, म्हणून त्यांनी आपल्याकडची दोन आडनावं लावून टाकली, 'हॉब्सन-जॉब्सन'. याच वर्षी लंडनमध्ये हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघतोय, आणि त्याला नाव दिलंय तेच. बर्नेल चार वर्षांपूर्वी वारले. यूलला ते नाव लक्षवेधी वाटलं, आणि पुढे भाषाशास्त्रात परक्या शब्दाला आपल्या कानाचा पेहराव घालण्याच्या रीतीलाच हे नाव मिळालं. हायफनच्या एका बाजूला हसन, दुसऱ्या बाजूला हुसेन. ग्रंथालयात मुखपृष्ठ पाहणाऱ्याला दोन इंग्रज दिसतात. तुम्ही मात्र ती हाक ऐकली आहे.

टु-डे

पुस्तक अजून तुमच्या हातात आहे. विक्रेता किंमत सांगतो, तुम्ही घासाघीस न करता पैसे देता. भाषा बदलू नये असं आता तुम्हाला वाटत नाही. टाके निघणारच, नाहीतर कपडा घालता येत नाही. पण कुठे शिवलं होतं हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर हाडांची आग 'चांगली आग' होते, कातणारी बाई न खपलेली बाई होते, शेतात राबणारा खलनायक होतो, आणि दासीची चिठ्ठी खणातून पडून जाते ती कुणी शोधतही नाही.

फोन वाजतो. घरून आहे. निघालो, अर्ध्या तासात पोचतो, असं सांगून तुम्ही सवयीने 'बाय' म्हणता, आणि म्हणता म्हणता तुम्हाला कळतं की त्या वाक्यातलं पहिलं टोक झिजून गेलंय. 'गॉड'चं 'गुड' झालं, मग 'गुड'ही गेलं. उरलंय ते 'बी विथ यी'. असो तुमच्याबरोबर. कोण असो, ते आता शब्द सांगत नाही.

पलीकडून फोन ठेवला गेला आहे. तुम्ही तो अजून कानाशी धरून आहात. पुस्तक पिशवीत टाकण्याआधी ते पान पुन्हा एकदा उघडता आणि 'गुड-बाय'मधल्या रेघेवरून हलकेच बोट फिरवता.